ज्वारी की गहू हा वाद नंतर, आधी ताटातलं धान्य मोजा

सध्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेतीभाव आणि हवामानाच्या खालोखाल कुठला मेसेज फिरत असेल तर तो वजन आणि शुगरचा. "गहू बंद करा, पोट आत जाईल." "फक्त ज्वारी खा, गोळी सुटेल." "खपली गहू खा, शुगर वाढतच नाही." "भाकरी-चपाती दोन्ही सोडा, अंडी आणि तूप खा." एकाच ग्रुपवर एकाच दिवशी चार जणांचे चार सल्ले, आणि चौघांच्याही खाली पन्नास अंगठे. वाचणाऱ्यानं करायचं काय?

पूर्वी हा शहरी लोकांचा विषय म्हणून आपण सोडून द्यायचो. आता तसं राहिलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, देशभर केलेल्या मधुमेहाच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह. शहरात शंभरात १६, तर ग्रामीण भागात शंभरात ९. इथवर वाचून आपण सुटलो असं वाटेल. पण पुढचा आकडा बघा. ज्यांची शुगर वाढायला लागलीय पण अजून मधुमेहाच्या रेषेपलीकडं गेली नाही, असे लोक शहरात आणि खेड्यात जवळजवळ सारखेच निघाले, शंभरात १५. म्हणजे रांगेत आपणही उभे आहोत.

म्हणून ह्या वादात खरं काय आणि खोटं काय, ते आपल्या ताटाला धरून बघू.

वाद नेमका काय आहे?

भाकरी, चपाती, भात, पोहे, बटाटा, साखर, गूळ ह्या सगळ्यांत मुख्य घटक एकच, कर्बोदकं. इंग्रजीतलं कार्बोहायड्रेट ते हेच. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते आणि रक्तात येते. ती साखर वापरायला शरीर इन्सुलिन सोडतं. एका गटाचं म्हणणं असं, की ही कर्बोदकंच कमी करा, वजन आणि शुगर दोन्ही उतरेल. हा झाला लो-कार्ब आहार. त्याचंच टोक म्हणजे किटो, ज्यात धान्य जवळपास बंदच असतं.

दुसरा गट म्हणतो, धान्यात दोष नाही, दोष मैद्यात आणि पॉलिश केलेल्या तांदळात आहे. कोंड्यासकट अख्खं धान्य खा, ज्वारी-बाजरी-नाचणी खा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, 'श्रीअन्न' नाव पडलं, तेव्हापासून ह्या गटाचा आवाज वाढला.

महाराष्ट्रात तिसराही वाद झाला, किती वेळा खायचं त्याचा. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा आणि जेवण ५५ मिनिटांत संपवा. दुसरीकडं ऋजुता दिवेकरांचा सल्ला दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा. २०१८ च्या सुमारास ह्या दोन मतांवर मराठी वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर बराच धुरळा उडाला. आजही आपल्याकडं 'दीक्षित करतोय' म्हटलं की समोरच्याला कळतं.

ज्वारी आणि गव्हाचा हिशोब

आता मापावर येऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत ३३४ च्या आसपास कॅलरी, साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि १० ग्रॅम प्रथिनं दिलीत. कोंड्यासकट गव्हाच्या पिठात ३२० कॅलरी, ६४ ग्रॅम कर्बोदकं आणि साडेदहा ग्रॅम प्रथिनं. चोथा, म्हणजे तंतुमय भाग, दोन्हीत १० ते ११ ग्रॅम. बाजरी, नाचणीही ह्याच्या आगेमागेच.

म्हणजे किलोला किलो धरलं तर ज्वारी आणि चक्कीवरचा गहू ही जवळजवळ सख्खी भावंडं आहेत. वेगळा पडतो तो पांढरा तांदूळ. त्यात कर्बोदकं ७८ ग्रॅम आणि चोथा तीन ग्रॅमसुद्धा नाही.

आता आपल्याकडच्या एका गड्याचं दिवसाचं जेवण धरू. सकाळी पोहे, दुपारी दोन भाकरी आणि भात, रात्री पुन्हा दोन भाकरी आणि भात. आपल्याकडची मोठी भाकरी ८०-१०० ग्रॅम पिठाची असते. चार भाकरींचं पीठ झालं ३६० ग्रॅम. दोन्ही वेळचा मिळून तांदूळ १०० ग्रॅम. पोहे ६० ग्रॅम. एकूण ५२० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोवर धान्य. त्याच्या कॅलरी होतात १,७५० च्या आसपास. ह्यात चहाची साखर नाही, तेल नाही, शेंगदाण्याचं कूट नाही, फरसाण नाही.

आता ह्याच माणसानं ज्वारी सोडून तेवढंच गव्हाचं पीठ खाल्लं, किंवा गहू सोडून ज्वारी खाल्ली, तर फरक किती? दिवसाला ५० कॅलरी. एका बिस्किटाचा फरक. एवढ्यावर पोट आत जात नाही.

ज्वारीची बाजू घ्यायची तर एक मुद्दा मात्र पक्का आहे. भाकरीला तेल लागत नाही. चपातीच्या घडीत आणि वरून मिळून एक चमचा तेल गेलं तर ४५ कॅलरी वाढल्या. दिवसाला सहा चपात्या म्हणजे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. त्यात भर म्हणजे कित्येक घरांत चपाती मऊ व्हावी म्हणून पीठ बारीक चाळणीनं चाळतात आणि कोंडा जनावराला घालतात. चोथा गोठ्यात आणि पांढरं पीठ आपल्या पोटात! भाकरीचा फायदा होतो तो बराचसा ह्या दोन गोष्टींमुळं. चपाती कोरडी भाजली आणि पीठ चाळलं नाही, तर गव्हाला एवढं वाळीत टाकायचं कारण उरत नाही.

खपलीचंही तेच. सांगली-साताऱ्याकडची खपली जुनी, कसदार आणि खायला चांगली. पण साध्या गव्हाच्या दुप्पट-तिप्पट भावानं घेऊन "शुगर फ्री" म्हणून चार चपात्यांच्या जागी सहा खाल्ल्या, तर खिसाही हलका आणि शुगरही वर. कुठलंच धान्य शुगर फ्री नसतं.

पाहणी काय सांगते

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस आयसीएमआरच्या ह्याच पाहणीचा आहारावरचा भाग 'नेचर मेडिसिन' ह्या मासिकात आला. भारतीय माणसाच्या रोजच्या ताकदीतला ६२ टक्के वाटा कर्बोदकांतून येतो, प्रथिनांचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास, असं त्यात निघालं. भरडधान्य रोजच्या जेवणात असलेली मोजकीच राज्यं आहेत, त्यात कर्नाटक आणि गुजरातबरोबर आपला महाराष्ट्र आहे.

आपल्या वादाचा निकाल लावणारी गोष्ट पुढं आहे. नुसता तांदूळ काढून त्या जागी तेवढंच गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ घातलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. पण एकूण कर्बोदकांतला थोडा वाटा, पाच टक्के कॅलरीइतका, काढून त्या जागी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दही-ताक अशांतली प्रथिनं आली, तिथं धोका कमी दिसला.

ही पाहणी आहे, प्रयोग नाही, हे लक्षात ठेवावं लागेल. लोक काय खातात आणि त्यांची तब्येत कशी आहे ह्याची सांगड घातलीय. पण वरचा हिशोब आणि ही पाहणी एकाच दिशेला बोट दाखवतात. कुठलं धान्य, ह्यापेक्षा किती धान्य आणि सोबत काय, हे महत्त्वाचं.

ह्याचा अर्थ अख्खं धान्य निरुपयोगी असा नाही. रोज २५-२९ ग्रॅम चोथा पोटात जाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह आणि आतड्याचा कॅन्सर कमी दिसतो, असं जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन 'लॅन्सेट'मध्ये २०१९ ला मांडलं गेलं. मैद्याच्या पाव-बिस्किटापेक्षा भाकरी केव्हाही चांगली. पण चांगली आहे म्हणून मोजायची नाही, असं होत नाही.

मग लो-कार्ब खोटं का?

खोटं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला. निम्म्यांना तेल-तूप कमी, निम्म्यांना कर्बोदकं कमी. दोन्ही गटांना मैदा आणि साखर टाळून भाज्या वाढवायला सांगितलं. २०१८ मध्ये निकाल आला. पहिल्या गटाचं सरासरी वजन ५.३ किलोनं उतरलं, दुसऱ्या गटाचं ६ किलोनं. शास्त्राच्या हिशोबानं फरक नाही म्हणावा इतका. दोन्ही गटांत काहींचं भरपूर उतरलं आणि काहींचं उलट वाढलं.

खायच्या वेळांचंही तसंच. चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर कमी कॅलरीचं जेवण दिलं. त्यातल्या निम्म्यांनी ते दिवसाच्या आठ तासांतच खायचं, बाकीच्यांनी दिवसभरात कधीही. २०२२ च्या निकालात एका गटाचं ८ किलो, दुसऱ्याचं ६.३ किलो उतरलं. ह्यातही ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही.

मग गावात 'दीक्षित' करून दहा किलो उतरलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर आहे, तो खोटा का? तोही खराच. दोन वेळाच खायचं ठरवल्यावर टपरीवरचे सहा चहा, बिस्किटं, फरसाण आणि वडापाव आपोआप सुटतात. किटोवाल्याचा भात-भाकरी सुटतो. ज्याला जी पद्धत झेपली आणि वर्ष-दोन वर्षं टिकली, ती त्याला लागू पडली. महिनाभर झटका देऊन पुन्हा मूळपदावर आलेल्यांचे फोटो मात्र कोणी ग्रुपवर टाकत नाही.

किटोची आपल्याकडं अडचण वेगळी. रोज पनीर, अंडी, मांस, बदाम हे शेतकरी घराला परवडत नाही, आणि माळकरी माणसाला तर अंडं-मटण चालतच नाही. धान्य बंद करणं आपल्याला जमणारं नाही. कमी करणं जमेल.

काम कमी झालं, भाकरी तेवढीच राहिली

"आमचा आजा सहा भाकरी खायचा, त्याला कुठं शुगर होती?" हे वाक्य पारावर हमखास ऐकू येतं. खरं आहे. पण आजोबा पहाटे मोट हाकायचे, दिवसभर औत धरायचे, बाजाराला चालत जायचे. आज नांगरट ट्रॅक्टरवर, काढणी हार्वेस्टरवर, मोटर मोबाईलवरनं चालू, आणि शेतापर्यंत गाडी. अंगमेहनत निम्म्यावर आली, जेवण आजोबांचंच राहिलं.

हे सगळ्यांना मात्र लागू नाही. ऊसतोड मजूर, हमाल, दिवसभर खुरपणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या बाया, ह्यांच्या अंगातली भाकरी संध्याकाळपर्यंत जिरलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या साधारण २३ बायकांचं वजन जास्त, आणि २१ बायकांचं वजन कमी निघालं. निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. म्हणजे एकाच घरात सासऱ्याला भाकरी कमी करायची गरज आणि सुनेला जेवण वाढवायची. घरातल्या एकाचा डाएट सगळ्यांवर लादू नका. वाढत्या पोरांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर ह्या फंदात पाडूच नका.

भाकरी कमी केली तर पोट कशानं भरायचं?

खरी अडचण इथं आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिवसाचं एक नमुना ताट सांगितलं, २,००० कॅलरीचं. त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध ३०० मिली, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. आपलं वरचं ताट ह्याच्या शेजारी ठेवा. धान्य दुप्पट, आणि डाळ?

पाच माणसांच्या घरात महिन्याला चार किलो डाळ लागत असेल तर माणशी दिवसाला २७ ग्रॅम पडली. ८५ ग्रॅमच्या हिशोबानं पाच जणांना महिन्याला पावणेतेरा किलो डाळ-कडधान्य लागेल. दुकानात किलोला शंभरच्या वर मोजून हे कुठल्या मजुराला जमणार?

रेशनवरही हेच चित्र. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य दिलं, २०२३ पासून ते फुकट आहे. त्यानं उपासमार टळली, हे कोणी नाकारू नये. पण आपल्याकडं मिळतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू. तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ ३० रुपये किलोनं देतात. आपल्याकडं २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' आला, त्यात एक किलो हरभराडाळ होती. सोबत रवा, साखर आणि पामतेल. सणापुरती डाळ आणि वर्षभर तांदूळ, अशानं गरिबाच्या ताटातली कर्बोदकं कमी कशी होणार? "कमी खा" म्हणायला पैसे लागत नाहीत, बदलून खायला लागतात. आपल्या लोकप्रतिनिधींना रस्ता आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारला पाहिजे.

ज्याला शेत आहे त्याच्या हातात मात्र थोडं आहे. आपण तूर काढतो आणि पोत्यासकट सगळी बाजारात घालतो. २०२५-२६ ला तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे, म्हणजे किलोला ८०, तोही मिळाला तर. मग तीच डाळ होऊन आली की आपणच दुकानातून चढ्या भावानं घेतो. पाच माणसांना वर्षभर पुरेशी डाळ करायला दोन-सव्वादोन क्विंटल तूर लागते. तेवढी नाही जमली तरी एक पोतं घरी ठेवून जात्यावर किंवा गिरणीत डाळ करून घ्या. बांधावर मटकी, हुलगा, चवळी टाका. दूध सगळं डेअरीला न घालता दोन तांबे ताक घरात राहू द्या. ज्यांना चालतं त्यांच्यासाठी परसातल्या कोंबडीचं अंडं आहे, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात.

उद्यापासून काय करता येईल

धान्याचं माप घ्या. पिठाचा एक डबा फक्त आठवडाभरासाठी बाजूला काढा आणि माणशी दिवसाला किती ग्रॅम लागलं ते बघा. बहुतेक घरांत आकडा बघूनच डोळे उघडतील.

बैठं काम असेल तर चारातली एक भाकरी आणि रात्रीचा भात कमी करा. त्या जागी एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, आणि काकडी, मुळा, मेथी, घोळ जे मिळेल ते. पातळ आमटीत भाकरी कुस्करली की चार भाकरी कधी गेल्या कळत नाही, म्हणून आमटी घट्ट करा. उसळ आधी, भाकरी नंतर.

चहाची साखर मोजा. कपाला दोन चमचे आणि दिवसाला सहा कप म्हणजे बारा चमचे साखर, ५०-६० ग्रॅम. गूळ घातला म्हणून त्यातली साखर जात नाही.

कमरेचं माप घ्या, बेंबीच्या रेषेत. पुरुषाचं ९० सेंटिमीटरच्या वर, बाईचं ८० च्या वर असेल तर वजनकाट्याची वाट बघू नका. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आशाताईंना विचारा.

गोळीला हात लावू नका

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. ज्याला शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यानं मेसेज वाचून एकदम जेवण तोडायचं नाही आणि गोळीही सोडायची नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण अर्धं केलं, तर शुगर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस शेतात नाहीतर गाडीवर कोसळू शकतो. काही नव्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्या घेत असताना कडक उपास किंवा किटो केला तर रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं, आणि तेव्हा मशीनवर शुगर फार वाढलेली दिसतही नाही.

जेवण कमी केल्यावर गोळी कमी होऊ शकते, काहींची सुटतेही. पण ती डॉक्टरांनी तपासून सुटायला हवी. धान्य कमी करायचं ठरवलं की आधी डॉक्टरांना सांगा, "मी भाकरी निम्म्यावर आणतोय, डोस बघा." किडनीचा त्रास असेल तर डाळी-अंडी वाढवण्याआधीही विचारा.

ज्वारी आपण पिकवतो, ती खाऊच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे, तिचा अभिमान बाळगू. पण ज्वारी औषध नाही आणि गहू विष नाही. पुढच्या वेळी ग्रुपवर "हे धान्य सोडा, ते खा" असा मेसेज आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: किती खायचं, आणि सोबत डाळ किती?